कातळकोटचा पूर्वपक्ष

पहाटेच्या प्रहरी कातळकोटाच्या पश्चिम कड्यावरून धुके चढू लागले, की खाली दरीत पसरलेले उत्तरेच्या बादशाही फौजेचे तंबू, तोफांचे मोर्चे, उंटांचे तांडे आणि सरदारांच्या डेऱ्यांवरची निशाणे सारे काही त्यात गडप होई, आणि तटावर रात्रभर डोळ्यांत तेल घालून उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला घटकाभर असे वाटे, की वेढा उठला, फौज निघून गेली, आता घरी जायला हरकत नाही. मग ऊन वर येई, धुके विरे, आणि तंबू होते तिथेच असत. गडकऱ्यांनी त्या धुक्याला 'खोटी सुटका' असे नाव ठेवले होते.

त्या धुक्यात टाक्याच्या पायऱ्यांवरून दोन म्हाताऱ्यांचे आवाज रोज ऐकू येत. एक गडाचे काझी सदरुद्दीन यांचा, दुसरा नृसिंहशास्त्री अष्टपुत्रे यांचा. काझीसाहेबांना अंधूक उजेडात दिसत नसे, म्हणून शास्त्रीबुवा त्यांचा हात धरून त्यांना वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, पायरी-पायरीने खाली उतरवीत, वर आणून बसवीत, आणि मग आपण स्नानाला जात. ब्राह्मणआळीत यावर बरीच कुजबुज होई. खुद्द काझीसाहेबांनीच एकदा विचारले होते, की स्नान नंतर करता ते माझ्या हाताचा विटाळ धुवायला काय. शास्त्रीबुवा म्हणाले होते, "विटाळ मानला असता तर हातच धरला नसता. स्नान माझ्या देवासाठी, हात तुमच्यासाठी. दोन्हींची गल्लत करू नका." काझीसाहेबांनी पुन्हा कधी विचारले नाही.

नमाज आणि संध्या आटोपली की वाद सुरू होई. हा वाद लुटुपुटूचा नव्हता. शास्त्रीबुवांचे मत साफ चुकीचे आहे असे काझीसाहेब मानीत, काझीसाहेबांचे मत अर्ध्या वाटेवर थांबलेले आहे असे शास्त्रीबुवा मानीत, आणि दोघांनीही हे एकमेकांपासून कधी लपवले नाही. शेवटी सगळे धर्म एकच सांगतात असे ऐकणाऱ्यांपैकी कोणी भाबडेपणाने बोलला, तर दोघे मिळून त्याला असे गप्प करीत, की तो पुन्हा टाक्याकडे फिरकत नसे.

वादाची रीत शास्त्रीबुवांनी घालून दिली होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे. ते त्याच्याहून चांगले मांडायचे. त्याने मान डोलावून "हेच माझे म्हणणे" अशी पावती दिली, की मगच "एवं प्राप्ते ब्रूमः", असे म्हणणे पुढे आले असता आम्ही सांगतो, अशी सुरुवात करून खंडनाला हात घालायचा. पावती मिळाली नाही तर खंडनाचा हक्क नाही. आणि मांडताना 'तो म्हणतो' असे म्हणायचे नाही, 'मी म्हणतो' असेच म्हणायचे; कारण 'तो' म्हटले, की माणूस दुसऱ्याचे मत चिमटीत धरून लांबून दाखवतो, असे शास्त्रीबुवांचे म्हणणे होते. काझीसाहेबांना ही रीत फार आवडली. मग टाक्यावर असे होई, की शास्त्रीबुवांच्या तोंडून तौहीद, म्हणजे ईश्वर एकच ही शिकवण, ऐकावी आणि काझीसाहेबांच्या तोंडून वेदान्त. मावळी हशमांना आणि गडावरच्या जुन्या दख्खनी शिपायांना त्याची इतकी सवय झाली होती, की कोण कोणाच्या वतीने बोलतो हे कुणाला सांगावे लागत नसे.

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. शास्त्रीबुवांनी काझीसाहेबांचा पूर्वपक्ष अनेकदा पुरा केला होता; काझीसाहेबांना मात्र शास्त्रीबुवांची पुरी पावती एकदाही मिळाली नव्हती. दर वेळी शास्त्रीबुवा मिस्कील हसत आणि म्हणत, "जवळ आलात, काझीसाहेब. अजून कुठेतरी तुमचा कुंभार मध्ये येतो." कुंभार आणि मडके हा काझीसाहेबांचा आवडता दृष्टान्त होता, आणि माती आणि मडके हा शास्त्रीबुवांचा. त्या हुकलेल्या पावतीची काझीसाहेबांना मनातून फार खंत होती. एका माणसाबरोबर उभा जन्म बसून त्याचे म्हणणे आपल्याला नीट सांगता येऊ नये, ही गोष्ट त्यांना लागे.

वेढा पडायच्या आधी थोडे दिवस दख्खनी सुलतानाच्या राजधानीहून पठाणांची एक तुकडी कुमकेला आली होती. तिचा जमादार दाराबखान शूर, सरळ आणि भाविक माणूस होता. पण तो आणि त्याचे लोक गडावर नवे होते, त्यांचे पहारे गडाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि टाक्यावरचा वाद त्यांनी कधी ऐकला नव्हता. किल्लेदार हैबतखान वयाने कोवळा होता. बाप गेल्यावर त्याच्या कमरेला किल्ल्या आल्या होत्या, आणि त्या सांभाळण्यापेक्षा कुणाच्या तरी हाती द्याव्यात असे त्याला अधूनमधून वाटे. अशा वेळी त्याच्या कानाशी लागायला मजमूदार रंगो त्रिमल होता. गडाचा हा कारभारी उत्तरेच्या फौजेला कधीच फितूर झाला होता, आणि दरवाजा उघडून दिल्यास तळच्या मुलखाची देशमुखी त्याला मिळायची होती.

दरवाजावर त्याने आपली माणसे आणून बसवलीच होती. पण मावळे आणि पठाण एकदिलाने तटावर उभे असेतो नुसता दरवाजा उघडून भागणार नव्हते. ती दोन्ही मने एका घावात फोडायला हवी होती. रंगोपंत बरेच दिवस विचार करीत होता, आणि एका पहाटे टाक्यावरून शास्त्रीबुवांचा आवाज त्याच्या कानी आला, "मी साक्ष देतो, की त्या एकावाचून पूजेला योग्य दुसरा कोणी नाही," तेव्हा त्याला वाट सापडली.

त्याने हैबतखानाला सुचवले, की रसद आटत चालली, लोक उदास झाले. अशा समयी दोघा वडीलधाऱ्यांचा वाद दिवाणखान्यात सर्वांसमक्ष व्हावा, म्हणजे चार घटका लोकांचे चित्त वेढ्यावरून उडेल. हैबतखानाला ते पटले. शास्त्रीबुवांनाही पटले. काझीसाहेबांना मात्र का कोण जाणे, बरे वाटले नाही.

तिसऱ्या प्रहरी दिवाणखाना भरला. एका बाजूला मावळे, एका बाजूला पठाण, मध्ये जाजमावर दोन म्हातारे, आणि समोर मसनदीवर हैबतखान. शास्त्रीबुवांनी उभे राहून मुजरा केला आणि रिवाजाप्रमाणे काझीसाहेबांचा पूर्वपक्ष हाती घेतला.

ते त्या दिवशी असे बोलले, की तसे ते टाक्यावरही कधी बोलले नव्हते. घडवणारा एक, आणि घडलेले सारे त्याच्याहून वेगळे; कुंभार मडक्यात शिरत नाही, मडके कुंभार होत नाही; मडक्याचे मोठेपण एवढेच, की घडवणाऱ्यापुढे त्याने नमावे; आणि त्या एकाचा निरोप ज्यांनी माणसांपर्यंत आणला, त्यांची मी साक्ष देतो. पठाण डोळे मिटून ऐकत होते. दाराबखानाच्या दाढीवरून पाणी ओघळले. खुद्द काझीसाहेबांना, जन्मभर जे मानले ते असे उघडे समोर पाहून, भरून आले. त्यांनी मान डोलावून पावती दिली, "हेच माझं म्हणणं."

शास्त्रीबुवांनी उपरणे सावरले आणि म्हणाले, "एवं प्राप्ते ब्रूमः."

तोच रंगोपंताने पेरलेली माणसे पठाणांच्या घोळक्यातून ओरडत उठली. याने भरदरबारी साक्ष दिली, आता हा तोंड फिरवतो. कबूल केलेला दीन सोडणाऱ्याची सजा काय, ते काझींनी सांगावे. दाराबखान दचकून उभा राहिला. ज्या शब्दांनी आत्ता त्याचे डोळे पाणावले होते ते खोटे होते असे कुणी म्हणताच त्याच्या मस्तकात तिडीक गेली आणि त्याने तलवार उपसली. ते पाहून समोरचे मावळेही उठले. असा गलका झाला, की तो पार महादरवाजापर्यंत ऐकू गेला.

रंगोपंत खांबाआड शांत उभा होता. काझीने सजा दिली तर मावळे बिथरणार होते, सोडून दिले तर पठाण. कसेही झाले तरी गड फुटणारच होता.

हैबतखानाने काझीसाहेबांकडे पाहिले. काझीसाहेब उठले आणि गलका थांबेपर्यंत नुसते उभे राहिले. मग त्यांनी निवाडा सांगितला, की दुसऱ्याचे बोल सांगणारा त्या बोलांचा धनी होत नाही. जुलमी बादशहा फिरऔनाने मीच देव असे म्हटल्याचे आपल्या पाक कलामात आले आहे. ते तोंडपाठ पढणारा हाफिज काही फिरऔन होत नाही. शास्त्रीजींनी माझे म्हणणे मला सांगून दाखवले. यात कबुली नाही, म्हणून मुकरणे नाही, म्हणून गुन्हाही नाही.

"निवाडा ठीक आहे, हजरत," दाराबखान म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, दुःख होते. "पण हा दोस्ताचा निवाडा आहे. माझे लोक तो मानणार नाहीत."

काझीसाहेबांना कळून चुकले, की आता शरियतीचा आधार संपला. सबंध सभेत एकाच माणसाच्या मानेवर तलवार टांगली होती, आणि ती तिथून काढायची तर तिच्याखाली आणखी एक मान नेऊन ठेवण्यावाचून गत नव्हती. ते पठाणांकडे वळले.

"रिवाजाप्रमाणं आता पाळी माझी," ते म्हणाले. "शास्त्रीजी माझ्या तोंडानं बोलले, मी त्यांच्या तोंडानं बोलतो. मग एकाच मापानं आम्हा दोघांचाही इन्साफ करा."

आणि त्यांनी शास्त्रीबुवांचा पूर्वपक्ष मांडला. तोही 'मी म्हणतो' असे म्हणतच. नंगी समशेर समोर दिसत असता, आपल्याच दीनाच्या माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून, मी म्हणतो, की मडके फोडून पाहा, मातीवाचून आत काही सापडायचे नाही. नमणारा आणि ज्याला नमायचे तो हे दोन आहेत असे वाटते तोवरच भय आहे. पाहणारा पाहणाऱ्यालाच पाहतो. दुसरे म्हणून काही कधी नव्हतेच. बोलता बोलता काझीसाहेबांना सभेचा विसर पडला. इतक्या पहाटा कानावर आलेले ते शब्द जणू वाट पाहत असल्यासारखे एकामागून एक येत गेले, आणि त्यांत कुठेही कुंभार मध्ये आला नाही. थांबले तेव्हा त्यांचे त्यांनाच भय वाटले. आपल्या गळ्यातून कोण बोलले, हे त्यांना क्षणभर कळेना.

आता राहिली होती ती पावती.

"शास्त्रीबुवा," खांबाआडून रंगोपंत म्हणाला, आणि घाईत त्याला आवाजातली उत्सुकता लपवता आली नाही, "काझीसाहेबांनी मांडलं ते बरोबर की नाही? मान्य करा, म्हणजे झालं."

शास्त्रीबुवांनी एकवार रंगोपंताकडे पाहिले, एकवार पठाणांच्या हातांकडे पाहिले. होकार दिला, की काझीसाहेब भरसभेत काफिर ठरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. टाक्यावर त्यांच्या तोंडून कधी खोटा शब्द गेला नव्हता, आणि वादात तर खोटे बोलणे ते पापच मानीत.

"नाही," शास्त्रीबुवा दाराबखानाकडे वळून म्हणाले. "काझीसाहेब चुकले. इतकी वर्षं घसा कोरडा केला, पण माझ्या म्हणण्यातलं एक अक्षर यांना उमगलं नाही. हा गृहस्थ हाडाचा मुसलमान आहे, खाँसाहेब. दुसरं काही होणं त्याला जमायचं नाही."

दाराबखान टक लावून पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरला आणि तो मोठ्याने हसला. इतक्या वर्षांत आमचा काझी बामन झाला नाही, तर हा बामन एका दुपारीत मुसलमान कसा होईल, असे तो आपल्या लोकांना म्हणाला आणि तलवार म्यान करून खाली बसला. हसू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेले. मावळेही बसले. हैबतखानाने सुटकेचा निःश्वास टाकून काझीसाहेबांचा निवाडा कायम केला.

हसले नाहीत ते एकटे काझीसाहेब. जीव वाचला होता, मित्र वाचला होता, आणि तरी तो 'नाही' त्यांच्या काळजात रुतून बसला होता. सभा उठली, दिवेलागण झाली, आणि नेहमीप्रमाणे शास्त्रीबुवांनी त्यांचा हात धरला. काझीसाहेबांनी हळूच विचारले, "खरंच चुकलो का?"

"इथं नको," शास्त्रीबुवा म्हणाले. "उद्या टाक्यावर सांगतो."

महादरवाजावरच्या फितूर पहारेकऱ्यांनी दुपारचा तो गलका ऐकून गड फुटला असे धरले होते आणि खालच्या फौजेला इशारा दिला होता. अंधार पडताच त्यांनी अडसर काढला. पण वर गड फुटलेला नव्हता. दिवाणखान्यातून पांगणारे मावळे आणि पठाण एकाच वाटेने खाली येत होते. दरवाजाची फळी किलकिली झालेली दाराबखानाने पाहिली, आणि सारे एकमुखाने धावले. दरवाजात झुंज लागली. शास्त्रीबुवांचे घर त्याच अंगाला होते. काझीसाहेबांना दिसत नव्हते, म्हणून शास्त्रीबुवा एक पाऊल पुढे चालत होते. फळीबाहेरून झाडलेली गोळी त्यांच्या छातीत शिरली.

काझीसाहेबांच्या हातातला हात एकदम जड झाला. ते तिथेच धुळीत बसले, मित्राचे डोके त्यांनी मांडीवर घेतले. भोवती आरोळ्या उठत होत्या, फळी पुन्हा लावली जात होती, अडसर खणखणत आत सरकत होता. यातले काही त्यांना ऐकू आले नाही. अशा वेळी काय बोलावे याचे सगळे शिष्टाचार ठाऊक असूनही ते एकच गोष्ट विचारत राहिले. "शास्त्रीजी, चुकलो होतो का? सांगा. आता इथं कोणी ऐकत नाही."

शास्त्रीबुवांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. मग त्यांची मान खाली आली. ती होकाराने आली की प्राण गेला म्हणून आली, हे त्या अंधारात काझीसाहेबांना दिसले नाही.

कातळकोट पडला नाही. रंगो त्रिमल पळताना सापडला आणि त्याचा कडेलोट झाला. आषाढाच्या तोंडाला उत्तरेच्या फौजेने तंबू उपटले आणि दरी रिकामी झाली. दाराबखान गडावरच राहिला. पुढे कधीतरी त्याला खरी गोष्ट उमगली असावी, कारण त्या दुपारचा विषय निघाला, की तो उठून जाई.

काझीसाहेब रोज पहाटे टाक्यावर जात. पहिल्या पायरीशी आले, की त्यांचा हात आपोआप बाजूला पुढे होई, आणि मग ते काठीने चाचपीत एकटेच उतरत. वजू, नमाज, सारे वेळच्या वेळी; त्यांच्या दीनात केसाएवढेही अंतर पडले नाही. नमाजेनंतर ते समोरच्या रिकाम्या पायरीकडे तोंड करून बसत, शास्त्रीबुवांचा पूर्वपक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडीत, आणि थांबत. त्यापुढे त्यांचे खंडन होते. ते त्यांनी आयुष्यभर घासूनपुसून तयार ठेवले होते आणि ते बिनतोड आहे अशी त्यांची खात्री होती. पण पावतीवाचून खंडनाचा हक्क नव्हता. म्हणून ते थोडा वेळ वाट पाहून पुन्हा पहिल्यापासून मांडू लागत. धुक्यात टाक्यावर अजून दोघे बोलतात, अशी वदंता गडावर उठली, आणि पहारेकरी ती वाट टाळू लागले.

एका पहाटे शास्त्रीबुवांच्या पत्नी गोदूबाई घागर घेऊन आल्या आणि बोलणे संपेपर्यंत वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. काझीसाहेबांना चाहूल लागली. त्यांनी अदबीने विचारले, "वहिनी, तुम्ही ऐकलंत. हेच त्यांचं म्हणणं होतं ना?"

"मला त्यातलं कळत नाही, काझीसाहेब," गोदूबाई म्हणाल्या. "पण धुक्यातनं आवाज आला तो यांचाच वाटला. म्हणून थांबले."

त्या पाणी भरून निघून गेल्या. काझीसाहेब पुष्कळ वेळ बसून राहिले. ही पावती नव्हती. पावती ज्याची त्यानेच द्यायची असते. आपले खरे असेल तर निवाड्याच्या दिवशी सारे पुन्हा उठतील, तेव्हा गर्दीतून वाट काढून शास्त्रीबुवांना गाठता येईल आणि विचारता येईल. पण शास्त्रीबुवांचे खरे असेल, तर विचारणारा आणि मान डोलावणारा असे दोघे कुठे उरणारच नाहीत. आजवर काझीसाहेबांनी आपला दीन मानला होता, तो खरा आहे म्हणून. तो खरा असावा अशी आस त्यांना त्या पहाटे पहिल्यांदाच लागली, आणि तिची त्यांना लाज वाटली.

त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. मी म्हणतो, की मडके फोडून पाहा. धुके दाट होते. समोरच्या पायरीवर कोणी बसले आहे असे घटकाभर वाटत राहिले. शेवटच्या वाक्याशी ते थांबले आणि त्यांनी वाट पाहिली. मग ऊन वर आले, धुके विरले, आणि पायरी होती तशीच रिकामी होती.